फ्लोरिडाचा कौल आणि त्यातलं एक वाक्य

४ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मतदान झालं आणि रिक स्कॉट दुसऱ्यांदा गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांना साधारण २८ लाख ६५ हजार मतं मिळाली, म्हणजे एकूण मतांच्या निम्म्याहून थोडी कमीच. त्याच मतपत्रिकेवर, उमेदवारांच्या नावांच्या खाली, राज्याच्या घटनेत एक दुरुस्ती करायची का, असा प्रश्न छापलेला होता. त्याला ४२ लाखांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं. टक्केवारीत सांगायचं तर ७५. ज्या राज्यात तेव्हा रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकेका टक्क्यासाठी झुंजत होते, तिथे दर चार मतदारांपैकी तीन एका बाजूला उभे राहिले. त्यात दोन्ही पक्षांचे लोक होते, शेतकरी होते, मासेमारीचे शौकीन होते, समुद्रकाठी घर घेऊन राहिलेले पेन्शनर होते. राज्यातली रानं, पाणथळी, झरे आणि बागा विकत घेऊन राखण्यासाठी सरकारने पैसा बाजूला काढावा, एवढंच त्या प्रश्नात विचारलं होतं.

या दुरुस्तीचं अधिकृत नाव ‘अमेंडमेंट १’. फ्लोरिडात जमीन-घराच्या व्यवहारांवर आणि कर्जाच्या कागदांवर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. या शुल्काच्या निव्वळ उत्पन्नातला ३३ टक्के वाटा पुढची २० वर्षं ‘लँड ॲक्विझिशन ट्रस्ट फंड’ नावाच्या निधीत जमा व्हावा आणि तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळला जाऊ नये, असं तिने घटनेत लिहिलं. नवा कर लादला नव्हता, जुनाही वाढवला नव्हता. आधीपासून जमा होणाऱ्या पैशातला तिसरा हिस्सा कुठे जायचा, एवढंच लोकांनी ठरवून दिलं. पहिल्या वर्षी सुमारे ६५ कोटी डॉलर जमतील, असा सरकारी अंदाज होता.

भारतात अशी सोय नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, त्याची आठवण मराठी आणि कोकणी माणसाला आहे. पण तो प्रदेशाच्या भवितव्याचा प्रश्न होता. कराचा पैसा कशावर खर्चायचा हे आपण आमदार आणि नगरसेवकांवर सोडतो. अमेरिकेतली बरीच राज्यं, जिल्हे आणि शहरं मात्र हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणतात, आणि जमीन राखण्यासाठी पैसा मागितला तर लोक बहुधा नाही म्हणत नाहीत. १९८८ पासून देशभरात असे दोन हजारांवर प्रश्न मतदानाला आले आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश मंजूर झाले. कराच्या नावाने नाक मुरडणारा समाज म्हणून आपण अमेरिकेकडे पाहतो, तिथली ही गोष्ट आहे.

फ्लोरिडात घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणायची मुख्य दारं दोन आहेत. एक विधिमंडळातून जातं, दुसरं रस्त्यावरून. ‘अमेंडमेंट १’ दुसऱ्या दारातून आली. तिच्यासाठी नोंदणीकृत मतदारांच्या ६,८३,१४९ वैध सह्या लागणार होत्या, आणि त्याही एकाच भागातून गोळा करून चालणार नव्हतं. राज्यातल्या किमान निम्म्या काँग्रेस मतदारसंघांत (आपल्या लोकसभा मतदारसंघांसारख्या) ठरावीक प्रमाण गाठायला हवं होतं. पर्यावरण संस्थांच्या आघाडीने बाजारात, उद्यानांच्या फाटकांवर, मेळाव्यांत उभं राहून त्या मिळवल्या. सह्या गोळा होत असतानाच मजकूर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. प्रश्न एकाच विषयापुरता आहे ना आणि मतदाराची दिशाभूल होत नाही ना, हे न्यायालय तपासतं. मंजुरीसाठी साधं बहुमत पुरत नाही, ६० टक्के लागतात. त्याच दिवशी वैद्यकीय गांजाच्या दुरुस्तीला ५७ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली आणि तरी ती दुरुस्ती पडली.

मतपत्रिकेवर पूर्ण दुरुस्ती छापत नाहीत, ही यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. कायद्याने शीर्षकाला जास्तीत जास्त १५ शब्द आणि सारांशाला ७५ शब्द. मतदार तेवढं वाचून खूण करतो. ‘अमेंडमेंट १’च्या शीर्षकात निधी दोन कामांसाठी राखून ठेवला जाईल असं म्हटलं होतं: जमीन घेणं आणि ती पूर्ववत करणं. खालच्या सारांशात आणखी दोन क्रियापदं आली, सुधारणं आणि सांभाळणं. सांभाळणं या कामाला कोणी हरकत घेण्याचं कारणच नव्हतं. घेतलेली जमीन सांभाळायला नको का? पुढचा सगळा वाद त्याच कामाभोवती फिरला.

पण त्याआधी लोकांना जमिनीची एवढी ओढ का लागली, हे सांगायला हवं. फ्लोरिडा म्हणजे समुद्रात घुसलेली चुनखडीची लांबट, सपाट जीभ. वरती वाळू, खाली भोकं पडलेला चुनखडक आणि त्या खडकात साठलेलं गोडं पाणी. हा भूजलसाठा इतका मोठा आहे की राज्यातले निम्म्याच्या आसपास लोक त्यावर जगतात. पाऊस वाळूतून झिरपून खाली जातो आणि जिथे खडक उघडा पडतो तिथे झरा होऊन वर येतो. उत्तर आणि मध्य फ्लोरिडात असे शेकडो झरे आहेत. त्यातल्या अनेकांचं पाणी बारा महिने २२ अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि इतकं स्वच्छ, की तळाची वाळू खालून येणाऱ्या पाण्याने उकळल्यासारखी नाचताना काठावरून दिसते. झऱ्याभोवतीच्या कित्येक मैलांच्या परिसरात पडणारा पाऊस त्याला पुरवठा करतो. तिथे वसाहती, लॉन आणि सेप्टिक टाक्या आल्या की नायट्रेट झिरपतं आणि काही वर्षांत झऱ्याचा तळ हिरव्या शेवाळाने बुजतो. झरा वाचवायचा तर त्याच्या काठाला कुंपण घालून भागत नाही. मैलोन्‌मैल लांबची ती जमीन मोकळी ठेवावी लागते. फ्लोरिडात पाणी राखायचं म्हणजे जमीन राखायची.

आणि जमीन झपाट्याने जात होती. १९५० मध्ये या राज्याची लोकसंख्या २८ लाखांच्या आत होती. २०१४ मध्ये ती २ कोटींच्या घरात पोचली.

क्रिस्टल रिव्हर या छोट्या गावातलं एक उदाहरण घ्या. तिथे ‘थ्री सिस्टर्स’ नावाचे झरे आहेत. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताचं पाणी गार झालं की मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, या झऱ्यांच्या उबेला येतात. साधारण २० अंशांखालच्या पाण्यात त्या फार काळ तग धरू शकत नाहीत. थंडीच्या सकाळी अरुंद तोंडातून एकेक करत शेकडो जनावरं आत शिरतात आणि निळ्या पाण्यात अंगाला अंग लावून पडून राहतात. झऱ्याभोवतीची ५७ एकर जमीन खासगी होती आणि तिथे घरांची वसाहत उभारायचा बेत होता. २०१० मध्ये राज्याचा भूसंपादन निधी, जलव्यवस्थापन संस्था, शहर आणि देणगीदार यांनी मिळून सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरला ती विकत घेतली. आता तो वन्यजीव आश्रयस्थानाचा भाग आहे. मॅनेटीचं संरक्षण करणारे कायदे अमेरिकेत कितीतरी जुने आहेत, पण त्या कायद्यांनी ५७ एकर मोकळी राहिली नसती. मालकाला त्याची किंमत मोजली, म्हणून ती राहिली.

फ्लोरिडाने ही किंमत मोजायला १९९० मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली होती. ‘प्रिझर्वेशन २०००’ या योजनेत दहा वर्षं दरसाल ३० कोटी डॉलर जमीन खरेदीसाठी ठेवले गेले. गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅटिक, आणि दोघांनी मिळून ते केलं. तिची मुदत संपल्यावर ‘फ्लोरिडा फॉरेव्हर’ या नावाने तीच योजना पुढे चालली. दोन्ही मिळून सुमारे २५ लाख एकर जमीन राखली गेली. एवढी मोठी सार्वजनिक जमीनखरेदी अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या राज्याने क्वचितच केली असेल. मग २००८ ची मंदी आली. घरांचे व्यवहार थांबले आणि मुद्रांक शुल्क कोसळलं: २००५-०६ मध्ये ते ४०० कोटी डॉलरच्या आसपास होतं, मंदीत जेमतेम चौथाई उरलं. जमीनखरेदीचा झरा जवळजवळ आटला. पुढे बाजार सावरला, शुल्क पुन्हा येऊ लागलं, पण खरेदीचा आकडा काही पूर्वपदावर आला नाही. विधिमंडळ दरवर्षी दुसरीकडे गरज दाखवत राहिलं. म्हणून लोकांनी हा निर्णय विधिमंडळाच्या हातातून काढून घटनेत नेऊन ठेवायचं ठरवलं.

मुद्रांक शुल्कच का निवडलं, तेही समजण्यासारखं आहे. टँपा किंवा ऑरलँडोकडे स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंब ४ लाख डॉलरचं घर घेतं, असं धरू. बहुतेक जिल्ह्यांत खरेदीखतावर दर १०० डॉलरला ७० सेंट, म्हणजे २,८०० डॉलर शुल्क पडतं; रिवाजाने ते बहुधा विकणारा भरतो. घेणाऱ्याने ३ लाख २० हजारांचं कर्ज काढलं तर त्या कागदावर १०० ला ३५ सेंट, म्हणजे आणखी १,१२०. महाराष्ट्रात पाच-सहा टक्के मुद्रांक शुल्क मोजणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. पण या ३,९२० डॉलरपैकी सुमारे १,३०० डॉलर, वसुलीचा खर्च वजा जाता, रानं आणि झरे राखायच्या निधीत जातात. जमिनीवर बांधकाम जितकं वाढेल तितका उरलेली जमीन राखायला पैसा वाढेल. या रचनेत मला न्याय दिसतो: ज्या व्यवहारातून मोकळी जागा कमी होते, त्याच व्यवहाराने तिच्या रक्षणाचा भार उचलायचा. अडचण एकच, मंदीत जमीन स्वस्त होते तेव्हाच हा निधी रिकामा असतो.

या पैशातून जमीन घ्यायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. ही सक्ती नसते. मालक राजी असेल तरच बोलणी होतात, मूल्यांकन होतं आणि त्या आधारावर भाव ठरतो. पुष्कळदा जमीन पूर्ण विकतही घेत नाहीत. फक्त तिच्यावर बांधकाम करायचा हक्क विकत घेतात. मध्य आणि दक्षिण फ्लोरिडात हजारो एकरांचे गुरांचे रँच आहेत. तिसऱ्या-चौथ्या पिढीतला मालक गुरं राखतो, त्यात फारसं सुटत नाही, आणि बिल्डर तर रोज दाराशी. राज्य त्याला म्हणतं, जमीन तुझीच राहू दे, गुरं चार, मुलांना दे, विकायची तर वीक. फक्त वसाहत करायचा हक्क आम्हाला विकत दे. एकदा हा करार नोंदवला की पुढच्या प्रत्येक मालकावर तो कायमचा बंधनकारक. पूर्ण खरेदीपेक्षा पैसे कमी लागतात, जमीन कसती राहते, आणि फ्लोरिडा पँथरला एका रानातून दुसऱ्या रानात जायला वाट राहते. हा पँथर आता १२० ते २३० एवढाच उरलाय आणि दक्षिण टोकाच्या रानात कोंडला गेलाय. उत्तरेकडे सरकायची त्याची वाट या रँचांमधून जाते.

लोकांनी मत दिलं ते हे डोळ्यांसमोर ठेवून. पुढच्या वर्षी विधिमंडळाने पहिला अर्थसंकल्प मांडला. नव्या निधीत अपेक्षेपेक्षाही जास्त, ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमणार होती. मोहीम चालवणाऱ्या संस्थांना वाटत होतं, जुन्या हिशेबाप्रमाणे ३० कोटींच्या आसपास ‘फ्लोरिडा फॉरेव्हर’ला मिळतील. मिळाले २ कोटींहूनही कमी.

उरलेला पैसा कुठे गेला? काही जमीनखरेदीसाठी पूर्वी काढलेल्या रोख्यांचे हप्ते फेडण्यात गेला, आणि तो घटनेच्या मजकुरातच बसत होता. काही एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळीच्या कामांवर आणि झऱ्यांवर गेला, तेही ठीक. पण मोठा हिस्सा पर्यावरण, वन आणि वन्यजीव खात्यांच्या रोजच्या खर्चाला लागला: कर्मचाऱ्यांचे पगार, वाहनं, विम्याचे हप्ते. हे खर्च आधीही होत होते आणि ते सर्वसाधारण तिजोरीतून भागत होते. ते आता नव्या निधीवर टाकले आणि तिजोरीत तेवढे पैसे मोकळे झाले. आजोबांनी नातवाच्या फीसाठी पैसे द्यावेत आणि आईवडिलांनी फीसाठी आधीच ठेवलेले पैसे काढून गाडी घ्यावी, तसं हे झालं. फी तर भरली गेली, हिशेबही चोख. पण आजोबांच्या देण्याने शिक्षणात एका पैशाची भर पडली नाही.

विधिमंडळाच्या नेत्यांचीही एक बाजू होती, आणि ती मी पोकळ म्हणणार नाही. राज्याकडे आधीच लाखो एकर जमीन आहे, तिची निगा नको का, असं ते म्हणत होते. फ्लोरिडाची पाइनची रानं ठरावीक वर्षांनी मुद्दाम जाळावी लागतात, नाहीतर झुडपं माजतात आणि पुढे वणवा हाताबाहेर जातो. बाहेरून आलेली झाडं आणि वेली उपटत राहावं लागतं. त्यासाठी माणसं लागतात, ट्रॅक्टर लागतात. हे सगळं खरं. मात्र ही निगा २०१४ च्या आधीही चालू होती आणि तिचा पैसाही येत होता. ४२ लाख लोकांनी मत दिलं होतं ते आहे त्यात भर घालायला.

२०१५ मध्येच पर्यावरण संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. तीन वर्षांनी, जून २०१८ मध्ये, राजधानी टॅलाहासीतल्या न्यायालयाचे न्यायाधीश चार्ल्स डॉडसन यांनी संस्थांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा अर्थ सरळ होता: निधी जमीन मिळवण्यासाठी आहे, आणि सुधारणा, व्यवस्थापन वगैरे जे पुढे लिहिलंय ते या दुरुस्तीनंतर घेतलेल्या जमिनींपुरतं. जुन्या जमिनींच्या रोजच्या खर्चाला हा पैसा लावणं घटनाबाह्य. संस्थांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो वर्षभरच टिकला. सप्टेंबर २०१९ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्तींनी मजकूर पुन्हा वाचला. त्यात निधी कशासाठी खर्च करायचा याची एक लांबलचक यादी आहे: जमिनींचं संपादन आणि सुधारणा, मग पाणथळी, अरण्यं, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, एव्हरग्लेड्स, समुद्रकिनारे, पायवाटा, शहरातल्या मोकळ्या जागा, शेतं, रँच, ऐतिहासिक स्थळं; आणि वाक्याच्या शेवटी, ‘त्यासोबत’ व्यवस्थापन, पुनर्स्थापन आणि लोकांना तिथे जाण्या-येण्याच्या सोयी. या जमिनी २०१५ नंतर घेतलेल्याच असाव्यात असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, असं न्यायालय म्हणालं. जे लिहिलेलं नाही ते आम्ही घालू शकत नाही.

हा निकाल वाचताना वाईट वाटतं, पण मजकूर समोर ठेवला की न्यायालयाला सर्वस्वी दोष देता येत नाही. यादी मुद्दाम रुंद लिहिली होती. शेतकऱ्याला त्यात शेत दिसावं, मच्छीमाराला किनारा, शहरातल्या आईला मुलांची बाग, इतिहासप्रेमीला जुना किल्ला. म्हणून तर ६० टक्क्यांची अट सहज ओलांडून ७५ पर्यंत मजल गेली. ज्या रुंदीने मतं मिळवून दिली, त्याच रुंदीतून पैसा निसटला.

शब्द वेगळे असते तर? याचं उत्तर दुसऱ्या राज्यात मिळतं. मिनेसोटाने २००८ मध्ये, ऐन मंदी कोसळत असताना, असाच प्रश्न लोकांपुढे ठेवला होता, आणि त्यात तर कर वाढणार होता: विक्रीकरात १०० डॉलरला ३७.५ सेंट, २५ वर्षांसाठी. तिथला नियम आणखी कडक. घटनादुरुस्तीचा रकाना कोरा सोडला तर तेही ‘नाही’ धरतात. तरी ५६ टक्के ‘हो’ आले. पण त्या मजकुरात दोन गोष्टी घट्ट बांधलेल्या आहेत. एक, वाटे घटनेतच ठरवलेले: ३३ टक्के स्वच्छ पाण्याला, ३३ टक्के रानं आणि वन्यजीवांच्या अधिवासाला, १४.२५ टक्के उद्यानं आणि वाटांना, १९.७५ टक्के कला आणि सांस्कृतिक वारशाला. दुसरी जास्त मोलाची: हा पैसा आजवर होत आलेल्या खर्चात भर म्हणून वापरायचा, त्याच्या जागी वापरायचा नाही, असं स्पष्ट वाक्य. तिथेही वाद होतात, कुठला खर्च भर आणि कुठला बदली यावर झगडे होतात. पण झगडायला हातात घटनेतलं एक वाक्य असतं. फ्लोरिडाच्या दुरुस्तीत तेच वाक्य नव्हतं.

कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने तर याही पुढची काळजी घेतली आहे. मोकळ्या जमिनीसाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ते मतदान नोव्हेंबर १९६७ मधलं. आज शहराभोवती ४५,००० एकरांहून जास्त जमीन या पैशातून राखलेली आहे आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याशी गाव जिथे संपतं तिथे ते खरंच संपतं. १९८६ मध्ये नागरिकांनी शहराच्या सनदेत लिहून घेतलं की घेतलेली जमीन पुढे विकायची असेल तर नागरिकांच्या मंडळाची आणि नगर परिषदेची, दोघांची संमती लागेल, आणि त्यानंतरही नागरिक सह्या गोळा करून तो निर्णय मतदानाला ओढू शकतात. घेतलेली जमीन परत सहजासहजी हातची जाणार नाही, याची तजवीज.

या तजविजीची गरज फ्लोरिडाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिली. पर्यावरण खात्याने नऊ राज्य उद्यानांमध्ये नवी बांधकामं प्रस्तावित केली: जोनाथन डिकिन्सन उद्यानात गोल्फची मैदानं, दुसऱ्या दोन उद्यानांत ३५० खोल्यांपर्यंतची निवासस्थानं, काही ठिकाणी पिकलबॉलची कोर्टं. बातमी फुटताच लोक फलक घेऊन उद्यानांच्या दारात उभे राहिले. दोन्ही पक्षांचे आमदार, खासदार विरोधात बोलले आणि आठवड्याभरात प्रस्ताव गुंडाळावा लागला. २०२५ मध्ये अशा बांधकामांना उद्यानांत मनाई करणारा कायदाच झाला. २०१४ चे ते मतदार कुठे गेले नव्हते.

निधीच्या बाबतीतही चित्र पूर्ण काळं राहिलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने या निधीतून एव्हरग्लेड्ससाठी दरवर्षी २० कोटी डॉलरपर्यंत आणि झऱ्यांसाठी ५ कोटींपर्यंत रक्कम कायद्याने बांधून दिली. २०२१ मध्ये ‘फ्लोरिडा वाइल्डलाइफ कॉरिडॉर’ कायदा एकमताने मंजूर झाला. राज्याच्या दक्षिण टोकापासून वायव्येपर्यंत सुमारे १ कोटी ८० लाख एकरांचा सलग पट्टा नकाशावर आखला गेला. त्यातली १ कोटी एकरांच्या आसपास जमीन आधीच सुरक्षित आहे आणि उरलेल्यात मुख्यतः तेच गुरांचे रँच आणि लाकडासाठी राखलेली खासगी रानं. २०२३ मध्ये ‘फ्लोरिडा फॉरेव्हर’ला दरसाल १० कोटी डॉलर ठरले. हे ३० कोटी नव्हेत, पण २ कोटींपेक्षा बरंच पुढचं पाऊल होतं. दरवर्षी अधिवेशनात जाऊन मागत राहणाऱ्या लोकांमुळे ते पडलं.

पुण्यात राहणाऱ्याला हे सगळं वाचताना टेकड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. शहरात समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे ‘बीडीपी’चं आरक्षण टाकावं यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. सह्यांच्या मोहिमा झाल्या, मोर्चे झाले, आणि २०१५ मध्ये ९७८ हेक्टरवरचं आरक्षण राज्य सरकारने मान्य केलं. हा मोठा विजय होता आणि तो नागरिकांचा होता. पण विकास आराखड्यात हिरवा रंग भरला म्हणून जमीन महापालिकेची होत नाही. मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क, देऊ केला, तो त्यांना परवडेना. रोख पैसा पालिकेकडे नाही. बहुतांश जमीन खासगीच राहिली, आणि मधल्या काळात टेकड्यांच्या उतारावर घरं, शेड, प्लॉटिंग चढत गेलं. फ्लोरिडाकडे पैसा होता आणि त्याचं काम सैल लिहिलेलं होतं. पुण्याकडे काम नकाशावर अगदी नेमकं आखलेलं आहे आणि त्याच्या मागे पैसा नाही.

पैसा उभा करायची एक ओळ खरं तर आपल्या हातात येते. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात पाणीपट्टी, सफाईपट्टी, पथकर यांच्या रांगेत वृक्षकराची नोंद असते. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याने ती आली. रक्कम लहान असते आणि ती झाडांच्या लागवडी-जोपासनेपुरती आहे, टेकडी विकत घेण्यासाठी नाही. पण तत्त्व तेच आहे: शहरात घर असलेल्याने हिरवाईसाठी ठरावीक पैसे द्यायचे आणि ते त्याच कामाला लागायचे. त्या ओळीला टेकड्यांच्या संपादनाची जोड द्यावी का, घरटी किती द्यावेत, आणि मिळालेला पैसा पगाराकडे वळणार नाही याची लेखी हमी कोण देणार, हे प्रश्न वॉर्डातल्या सभेत विचारायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. टेकडीसाठी रस्त्यावर उतरलेले लोक तिच्यासाठी वर्षाला काही रुपये जास्त द्यायलाही तयार होतील, असं मला मनापासून वाटतं. त्यांना ते आजवर कोणी विचारलेलं नाही.

मिनेसोटाच्या कराची मुदत २०३४ मध्ये संपते आणि फ्लोरिडाच्या ३३ टक्क्यांची २०३५ मध्ये. दोन्हीकडे निधी घटनेत चालू ठेवायचा तर पुन्हा मजकूर लिहावा लागेल आणि पुन्हा मतदारांची संमती मिळवावी लागेल. त्यासाठी पुन्हा सह्यांच्या दारानेच जायचं तर फ्लोरिडात आता आणखी जास्त सह्या लागतील, कारण तो आकडा राष्ट्राध्यक्षपदाच्या मागच्या निवडणुकीतल्या मतदानाच्या ८ टक्के धरतात आणि मतदार वाढले आहेत. अपील न्यायालयाचं निकालपत्रही नवा मजकूर लिहायला बसणाऱ्यांच्या टेबलावर असेल.